छपरावरचा हमादी

१

पांगानीच्या फेरीबोटीवर हमादीने उभा जन्म काढला, आणि त्यातला बराचसा ओरडण्यात काढला. "मागे सरा! मागे सरा! आधी माणसं, मग सायकली!" नदीच्या मुखावर वारा असा, की साध्या आवाजाचा माणूस तिथे मुकाच ठरे. हमादीचा आवाज मात्र वाऱ्याला कोपराने बाजूला सारून पलीकडच्या काठावर जाई. पुढे वय झालं, काम सुटलं, पण आवाज काही सुटला नाही. घरी चहा मागायचा तोसुद्धा अशा पट्टीत, की समोरच्या ओट्यावरून कोंबो सांगे, "दे गं बाई त्याला चहा, नाहीतर बोट सुटायची!"

रोजची रीत ठरलेली होती. सकाळचा नमाज झाला की हमादी दाराबाहेरच्या ओट्यावर बसायचा. मागच्या अंगणात, झावळ्यांनी शाकारलेल्या स्वयंपाकघरात त्याची बायको झुवेना गोड वडे तळायची. मग हा ओरडायचा, "मिझाची आई, चहा!" मिझा लग्न होऊन दार-एस-सलामला गेली त्याला वर्षं लोटली होती. पण पहिलं मूल झालं की आईबापांची नावं मुलाच्या नावात बुडतात, ती काही परत वर येत नाहीत. हा मिझाचे बाबा, ती मिझाची आई.

त्या दिवशी चहा आला होता. पहिला घोट झाला होता, आणि हमादीच्या तोंडात अख्खा वडा होता. तेवढ्यात मागच्या अंगणातून आवाज आला.

"मिझाची आई, चहा!"

तीच पट्टी. 'चहा'तल्या 'हा'वर घसा किंचित घासायचा, तोसुद्धा तसाच घासला.

झुवेना दुसरा पेला घेऊन तरातरा बाहेर आली. "एक संपत नाही तोवर दुसरा? पोट आहे की पाण्याची टाकी?"

हमादीने भरल्या तोंडाने पहिल्या पेल्याकडे बोट दाखवलं. तिला वाटलं, इथे ठेव म्हणतोय. तिने पेला आपटला आणि ती गेली. हमादी वडा गिळायचा विसरला. समोरच्या भिंतीवर एक राखाडी मानेचा कावळा बसला होता. वडे उघडेच होते, पण त्याची नजर वड्यांवर नव्हती. ती हमादीच्या ओठांवर होती.

२

कावळ्यांशी हमादीचं वाकडं झालं ते झुवेनामुळे. मागच्या माडावर पूर्वी पिवळ्या सुगरणींची घरटी लोंबत. सकाळी इतका कालवा, की शाळा सुटलीय असं वाटावं. माडाच्या शेंड्यावर इथल्याच जातीच्या कावळ्यांचं एक जोडपं असे. अंगाने थोर, छाती पांढरीशुभ्र, चाल एखाद्या शेखसारखी. उष्ट्याखरकट्याकडे ते ढुंकून बघत नसत.

मग हे राखाडी मानेचे आले. एकजण मागून पांढऱ्या छातीच्याची शेपटी ओढायचा. तो फिरून लढायला उभा राहायचा, तोवर बाकीचे समोरून अंडं पळवायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पांढऱ्या छातीच्याला दरवेळी वाटे की हे द्वंद्व आहे. समोरचे कामावर आलेत, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. सुगरणींचंही तसंच. त्या ओरडत, पुन्हा विणत, पुन्हा अंडी घालत, पुन्हा ओरडत. एके सकाळी माड गप्प होता. रिकामी घरटी वाऱ्यावर हलत होती.

झुवेना डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "जन्मभर ओरडलात. आता एकदा काहीतरी करा."

पशुधन कचेरीतल्या नीमाबाईंनी तारेचा मोठा पिंजरा दिला. आत मांस, पाणी आणि आमिष म्हणून एक जिवंत कावळा ठेवायचा, म्हणजे बाकीचे आपणहून वरच्या फटीतून उतरतात. सुरुवातीला पिंजरा भरून निघाला. हमादी ओट्यावर बसून शिकारीच्या गोष्टी सांगू लागला. मग कावळ्यांनी त्याचा चेहरा हेरला. तो दिसला की गल्लीभर हाकाटी होई आणि एकही खाली उतरत नसे.

हमादीने डोकं लढवलं. त्याने झुवेनाचा काळा पायघोळ बुईबुई अंगात घातला, तोंड झाकलं आणि लचकत पिंजऱ्यापाशी गेला. कोंबो हसून हसून ओट्यावरून घसरला. पण कावळे फसले! संध्याकाळी पिंजरा पुन्हा भरला.

दुसऱ्या दिवशी तोच बुईबुई घालून झुवेना बाजाराला गेली. परत आली तेव्हा टोपलीत भाजी नव्हती, डोक्यावर तीन टोचे होते आणि तोंडात जे शब्द होते ते पांगानीत सभ्य बायका बोलत नाहीत.

"तुमची पापं, आणि माझं टाळकं!"

त्यानंतर मात्र हल्ले थांबले. हाकाटीही थांबली. कावळे नुसते भिंतीवर, पत्र्यावर, माडावर येऊन बसू लागले. गप्प. झुवेनाला वाटलं, दमले. हमादीला वाटलं, हरले.

३

दुसऱ्या पेल्याचा प्रसंग त्यानंतरचा.

हमादीने विचार केला. आपण वेडे नाही. कावळा चहा मागत नाही. तेव्हा हे काम कोंबोचं. कोंबो पूर्वी मासेमारी करायचा, आता नकला करायचा. लग्नाकार्यात तो बकरीपासून जिल्हाधिकाऱ्यापर्यंत कोणाचाही आवाज काढी.

"माझ्या अंगणात येऊन माझ्या बायकोला हाका मारतोस? लाज नाही वाटत?" हमादीने त्याला ओट्यावरच गाठलं.

"अरे, तुझा आवाज काढायला मला काय वेड लागलंय? घसा फाटेल माझा. आणि तुझ्या बायकोला हाक मारायची झाली तर मी निदान गोड मारीन."

त्यावर बोलणं बंद झालं. दोघं रोज बिया मांडून खेळत, त्या बाओच्या पटावर धूळ बसली.

मग पिल्लं गेली. झुवेनाच्या तांबड्या कोंबडीची पिल्लं ती दुपारी खुराड्यात कोंडून ठेवी. हमादी नमाजाहून परतला तर खुराडं सताड उघडं, अंगणात पिसं, आणि कोंबडी वेड्यासारखी गोल फिरत होती.

"दार का उघडलंस?"

"का म्हणजे? तुम्हीच तर भिंतीपलीकडून ओरडलात, 'खुराडं उघड, दाणे टाकतो.' मी उघडलं. मला वाटलं, आज सूर्य कुठून उगवला!"

"मी मशिदीत होतो."

"मग कोण ओरडलं? तुमचं भूत?"

हमादीने भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर ओळीने बसलेले कावळे चोची पुसत होते. एकाने चोच पुसता पुसता मान वाकडी केली आणि अगदी हळू, जणू सराव करत असल्यासारखा, घसा घासला.

४

कोंबो निर्दोष आहे हे न्हाव्याच्या दुकानात सिद्ध झालं.

हमादी खुर्चीत होता, तोंडाला फेस होता, गळ्यावर वस्तरा होता. पलीकडच्या बाकावर कोंबो तोंड फिरवून आपला नंबर लागायची वाट बघत होता. अबोला असला तरी न्हावी गावात एकच. दाराबाहेर धक्का दिसत होता. नारळांनी शिगोशीग भरलेली गाडी बोटीवर चढायला निघाली होती.

"मागे सर! मागे सर! अजून मागे!"

आवाज धक्क्यावरून आला. न्हाव्याचा वस्तरा थांबला. कोंबोने बाकावरून मान वळवून हमादीच्या मिटलेल्या ओठांकडे पाहिलं. हमादीने फेसाआडून कोंबोच्या ओठांकडे पाहिलं.

"मागे! मागे! ये, ये, ये!"

चालक जुना होता. पंचवीस वर्षं तो त्या आवाजावर गाडी मागे घेत आला होता. त्याने घेतली. गाडीचं ढुंगण चिखलात बसलं, मागची फळी सुटली आणि नारळ धडाधडा नदीत गेले. भरती ओसरत होती. नारळ एकामागून एक समुद्राच्या वाटेला लागले. धक्क्याच्या खांबावर काळी रांग बसली होती, ती पाहत राहिली.

"हमादी," कोंबो हळूच म्हणाला. अबोला तिथेच संपला. "तो आवाज तुझा होता."

"हो."

"आणि तू इथे आहेस."

"हो."

न्हावी म्हणाला, "अर्धी दाढी राहिलीय, पण आज माझा हात चालायचा नाही. तुम्ही जा."

५

दोघं नीमाबाईंकडे गेले. नीमाबाई किलिमांजारोकडच्या, सरळ बोलणाऱ्या. कचेरीच्या पडवीत त्या भाजलेलं मक्याचं कणीस खात होत्या. त्यांनी हमादीच्या अर्ध्या दाढीकडे पाहिलं आणि विचारायचं नाही असं ठरवलं.

"हे मूळचे इथले नाहीत, बाबा," त्या म्हणाल्या. "आपल्या पणज्यांच्या काळात हिंदुस्थानातून आले. काही आणले, काही जहाजांवर बसून आपणहून."

"तिकीट?" हमादीने सवयीने विचारलं.

"कोण काढतंय! इथले पक्षी भांडतात आणि हरतात. हे आधी बघत बसतात. ज्याच्या जागी राहायचं त्याचं खाणं, येणं-जाणं, भीती, सगळं शिकून घेतात. मग भांडावंच लागत नाही. आणि शिकलेलं पिल्लांना शिकवतात. तुमचा चेहरा न पाहिलेली पिल्लंसुद्धा तुम्हाला ओळखत असतील."

"पण बोलतात कसे?"

"पाळलेला एखादा कावळा दोन शब्द उचलतो, असं ऐकलंय. वाक्यं? हेतू धरून?" त्यांनी कणीस खाली ठेवलं. "ते मला कधी कोणी सांगितलेलं नाही. मला नवा पिंजरा मागता येईल."

"पिंजऱ्यात आता कोण बसायचं ते आधी ठरवा," कोंबो पुटपुटला.

घरी येऊन हमादीने झुवेनाच्या कानात खूण सांगितली. यापुढे मी काहीही बोललो तर आधी 'लवंग' म्हणेन. लवंग नाही, तर तो मी नाही. झुवेनाने मान हलवली. दोन दिवस घरात फार सुवासिक संभाषण झालं. "लवंग, मीठ कमी आहे." "लवंग, माझी टोपी कुठाय?"

तिसऱ्या सकाळी पत्र्यावरून आवाज आला, "लवंग. चहा."

झुवेनाने चहा ओतला आणि मग तिच्या लक्षात आलं, की नवरा तिच्या शेजारीच उभा राहून दात घासतोय.

६

तेव्हा हमादीने शेवटचा उपाय काढला. त्याने बोलणं सोडलं. हिशेब सरळ होता: घरात जो आवाज ऐकू येईल तो आपला नाही. काही हवं असेल तर तो हाताने दाखवी. आयुष्यात पहिल्यांदा गल्ली शांत झाली. कोंबो सांत्वनाला आला तेव्हा हमादीने हातवारे करून त्याला इतकं काही सांगितलं, की कोंबो म्हणाला, "हे तर ओरडण्यापेक्षा मोठं आहे, बाबा."

पण घर काही गप्प राहिलं नाही. पत्र्यावरचा हमादी बोलत राहिला. आधी तो जुनंच म्हणे. चहा. टोपी. मागे सर. झुवेना लक्ष देत नसे. मग हळूहळू त्यात काहीतरी भर पडू लागली.

एका दुपारी हमादी मधल्या दारात उभा होता. अंगणात झुवेना मासे साफ करत बसली होती. तिची पाठ इकडे होती. वरून आवाज आला. हमादीचाच, पण खालच्या पट्टीतला. तो आवाज आपल्या घशात आहे हे हमादी स्वतःच विसरला होता.

"दमलीस?"

सुरी थांबली.

"दमले म्हणजे काय," झुवेना वर न बघता म्हणाली, "सकाळपासून पाठ धरलीय."

"बस जरा."

"मासे कोण करणार? तू?" आणि ती हसली.

हमादी उंबऱ्यातच खिळला. ती पत्र्याला अरे-तुरे करत होती. लग्नाच्या नव्या दिवसांत, कोणी जवळ नसलं की, ती त्यालाही तसंच करायची.

पत्र्यावर नखं सरकली. बरीच नखं. मग आवाज आला, अगदी पत्र्याच्या कडेला येऊन बोलावं तसा.

"झुवे."

हे नाव मिझा जन्मल्यापासून त्या घरात कोणी उच्चारलं नव्हतं.

७

"बास!" हमादी ओरडला. किती दिवसांनी ओरडला म्हणून घसा फाटला आणि आवाज चिरका, परका निघाला. झुवेना दचकून वळली. तिने त्याच्याकडे पाहिलं. मग वर. मग पुन्हा त्याच्याकडे.

"मी आहे! मी! खरा!"

"तसं तोही म्हणेल," ती म्हणाली. ती थट्टा करत नव्हती. तिच्या हातात सुरी तशीच होती.

"अगं, मी तुझ्यासमोर उभा आहे! मला टोपी आहे, पाय आहेत, अर्धी दाढी आहे!"

"दिसतंय मला. पण या घरात कोण राहतंय ते मला कळायला हवं." तिने सुरी खाली ठेवली. "एक सांगा. आपली वरात पलीकडून होडीतून आली. मी उतरत होते. तुम्ही माझ्या कानात काय म्हणालात?"

हमादीने डोळे मिटले. होडी आठवली. ढोल आठवला. सासऱ्यांचा पाय चिखलात रुतलेला आठवला. बाकी सगळा वारा.

"मागे सर?" त्याने चाचरत विचारलं.

झुवेनाने पत्र्याकडे मान वळवली.

"'चिखल आहे, झुवे,'" पत्र्यावरून आवाज आला, तरुण, घाबरलेला, नवऱ्या मुलाचा. "'माझ्या पावलांवर पाय ठेव.'"

हमादीला तेव्हा एकदम सगळं आठवलं. तो चिखल, तिचा मेंदीचा पाय, आणि काठावरच्या खारफुटीत गच्च बसलेले कावळे. तेव्हाचे. ते केव्हाच मेले असतील. त्यांची पिल्लंही.

झुवेनाच्या चेहऱ्यावर काय आलं ते हमादीने कधी कोणाला सांगितलं नाही. कोंबोला एवढंच म्हणाला, "तसं ती माझ्याकडे बघत होती, एके काळी."

८

त्या दिवसापासून हमादी बदलला. शेपटी ओढणाऱ्याशी लढत बसलं की अंडं जातं, एवढं त्याला माडाने शिकवलं होतं. त्याने पिंजरा परत केला आणि ओटा सोडला. तो अंगणात चटई टाकून बसू लागला आणि बायकोशी बोलू लागला. हळू आवाजात. आधी फार अवघड गेलं.

"मग... मासे... बरे आहेत?"

"बरे आहेत."

"बरं." मग घाम पुसून, "आणि तू?"

ती आधी संशयाने बघे, मग उत्तर देऊ लागली. तिची पाठ दुखते, हे त्याला कळलं. मिझाचं सासर तिला पटलेलं नाही, हे कळलं. एवढी वर्षं त्याच्यासाठी तळलेले वडे ती स्वतः कधी खात नाही, तिला ते आवडतच नाहीत, हेही कळलं. एका दुपारी त्याने धीर करून, इकडे तिकडे बघून, "झुवे" म्हटलं. तिने त्याला ओला हात मारला, आणि मग दिवसभर गुणगुणत होती.

पत्रा गप्प झाला. कावळे यायचे, बसायचे, पण चोच उघडत नसत. कोंबो म्हणाला, "हरवलंस रे त्यांना! नवरा होऊन हरवलंस!" हमादी छाती काढून चालू लागला.

असाच एक दिवस. दुपार कलली होती. हमादी स्वयंपाकघराच्या कुडाला टेकून बसला होता. आत झुवेना नारळ खवत होती. खर्र, खर्र. हमादी बोलत होता. मिझाला बोलावून घेऊ म्हणाला, माडाला खत घालू म्हणाला. आतून "हं" येई. "हो ना" येई. एकदा तो काहीतरी विनोदी बोलला तर ती मनापासून हसली. हमादीला इतकं बरं वाटलं, की त्याने कधी कोणाला न सांगितलेलं सांगितलं: काम सुटल्यावर आपण रोज सकाळी बोटीचा भोंगा ऐकून उठतो, आणि आता कुठे जायचं हे न कळून तसेच पडून राहतो.

खर्र खर्र थांबलं.

"माहीत आहे मला," झुवेना आतून मायेने म्हणाली. "मी जागीच असते."

हमादीचे डोळे भरून आले.

तेवढ्यात पुढचं दार वाजलं. झुवेना बाहेरून अंगणात आली. डोक्यावर टोपली, टोपलीत कसावा, कपाळावर घाम. "उन्हाने जीव गेला. बाजारात ही गर्दी! कोणाशी बोलताय?"

हमादीचं तोंड उघडं राहिलं. त्याने कुडाकडे बोट केलं.

झुवेनाने टोपली खाली ठेवली. दोघं दाराशी गेली, एकमेकांचा हात धरून. आत अंधार होता आणि ओल्या खोबऱ्याचा वास. मागच्या झरोक्यातून काहीतरी काळं, मानेपाशी राखाडी, बाहेर जात होतं. ते उडालं की उठून गेलं, हे दोघांनाही नंतर सांगता आलं नाही.

खवणीपाशी परात होती. परातीत खोबऱ्याचा ढीग होता, पांढराशुभ्र. करवंटीचा एक काळा कण त्यात नव्हता.

बाहेर माड गप्प होता. झुवेना खाली वाकली. तिने चिमूटभर खोबरं उचललं आणि बोटांत चोळलं.

"अहो," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "माझ्यापेक्षा चांगलं खवलंय."